लक्ष्मीबाई नगरची थरथरती फियाट

दिल्लीच्या मेट्रोने आयएनए स्थानकावर उतरावे, दिल्ली हाटची गर्दी आणि आयएनए बाजारातला मासळी-मसाल्यांचा संमिश्र वास मागे टाकून थोडे आत चालावे, म्हणजे लक्ष्मीबाई नगर लागते. पाहुण्याने मुद्दाम वाट वाकडी करावी असे येथे काही नाही. ना मकबरा, ना किल्ला. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी बांधलेली ही एक वसाहत. कुतुबमिनार पाहायला निघालेले लोक जवळच्या अरविंद मार्गावरून भरधाव निघून जातात आणि या नावाकडे त्यांचे लक्षही जात नाही.

मराठी माणसाने मात्र क्षणभर थांबायला हरकत नाही. मोरोपंत तांब्यांची मनकर्णिका काशीत जन्मली, झाशीत नांदली आणि जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ लढताना पडली. तिचे नाव दिल्लीत या सरकारी घरांना मिळाले. शेजारच्या ‘आयएनए’ या तीन अक्षरांत आझाद हिंद सेना दडलेली आहे, आणि १९४३ मध्ये त्या सेनेत उभ्या राहिलेल्या स्त्रियांच्या पलटणीचे नावही झाशीच्या राणीचेच होते. पलीकडे नेताजी नगर, सरोजिनी नगर, नौरोजी नगर, किदवई नगर. स्वातंत्र्यलढ्यातली इतकी माणसे येथे टपालाच्या पत्त्यांतून रोज भेटतात.

देशाच्या कानाकोपऱ्यांतून दिल्लीला बदली होऊन आलेली कुटुंबे अशा वसाहतींमध्ये क्वार्टर मिळण्याची वाट पाहत, आणि एकदा मिळाले की निवृत्तीपर्यंत तेथेच रमत. मुंबई, पुणे, नागपूरहून आलेल्यांनी सोबत पापड-लोणच्यांच्या बरण्या आणल्या, गणपती आणला, आणि एखाद्याने फियाटही आणली. त्यामुळे सत्तर ते नव्वदच्या दशकांत दिल्लीच्या सरकारी वसाहतींची एक ओळख कानांना होत असे. सकाळी कचेरीला निघायच्या वेळी खाली अँबेसेडर, फियाट आणि पुढे मारुती सुरू होत. काही घड्याळासारख्या चालत. काही मात्र हिवतापाचा रोगी कुडकुडावा तशा उभ्या जागी थरथरत, बॉनेट हलवत, मध्येच एक ठोका चुकवत. मग वरच्या गॅलरीतून कोणीतरी हमखास विचारी, “अहो, आज पण मिसिंग का?”

गाडी उभी, पाय अॅक्सिलरेटरवर नाही, आणि इंजिन आपल्या आपण संथ चालले आहे, या स्थितीला गॅरेजमध्ये ‘आयडलिंग’ किंवा नुसते ‘स्लो’ म्हणतात. इंजिनाची तब्येत खरी कळते ती येथे. रस्त्यावर वेगात असताना एखादी चूक गतीच्या जोरात झाकली जाते. संथ चालीत झाकायला काही नसते. साधा हिशेब आहे. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला ४०० वेळा आणि सगळे मिळून १६०० वेळा पेट्रोल पेटते. एक सिलिंडर रुसले की त्यांतले ४०० धक्के गळतात. डिसेंबर १९८३ मध्ये गुरगावहून बाहेर पडलेल्या मारुती ८०० ला तर तीनच सिलिंडर. तेथे एक बंद म्हणजे ताकदीचा तिसरा हिस्सा गेला. बारीकसा बिघाड झाला तरी मारुती इतकी हलायची ती यामुळेच.

आता फियाटचे पाहा. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी देशभर गेली. पुढे तिचे नाव ‘प्रीमिअर पद्मिनी’ झाले, तरी लोकांच्या तोंडी ती फियाटच राहिली. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, वर सोलेक्स कार्ब्युरेटर. मुंबईच्या हवेत ती सुखात होती. तेथे थंडी म्हणजे फार तर सकाळी अंगावर शाल घ्यायची, इतकीच. दिल्लीत जानेवारीच्या पहाटे पारा चार-पाच अंशांवर येतो आणि मे-जूनमध्ये चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर चढतो. वाऱ्याबरोबर राजस्थानची धूळ येते ती वेगळीच. कार्ब्युरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण जमवणारे साधे भांडे. इंधन मोजून देणारा संगणक त्याच्याजवळ नाही. बाहेर ऋतू पालटला की त्याचे प्रमाण ढळायचेच.

म्हणून दिल्लीतली गाडी थरथरू लागली तर पहिला प्रश्न विचारायचा तो कॅलेंडरला.

हिवाळा असेल आणि गाडी फक्त सुरुवातीची पाच मिनिटे कुडकुडत असेल, तर बहुधा बिघाड काहीच नसतो. गार मॅनिफोल्डमध्ये पेट्रोलची नीट वाफ होत नाही, ते थेंबाथेंबाने भिंतींना चिकटून बसते. त्याची भरपाई म्हणून चोक ओढून हवा कमी करायची. पण इंजिन तापल्यावर तो चोक आत ढकलायचा राहिला, किंवा त्याची तार अर्ध्यात अडकली, की त्याच गाडीच्या नळीतून काळा धूर येतो आणि ती वेड्यासारखी उचक्या देऊ लागते. घाईने कचेरीला निघालेल्या किती गाड्यांचा ‘मोठा बिघाड’ अखेर या एका विसरलेल्या बटणाशी येऊन थांबत असेल!

दिल्लीच्या धुक्याची खोडी याहून छुपी. पेट्रोलची वाफ होताना ती आजूबाजूची उष्णता शोषून घेते. हवा गार आणि ओलसर असेल तर थ्रॉटलच्या झडपेपाशी चक्क बर्फ साठतो. गाडी दहा मिनिटे उत्तम चालते, पहिल्या लाल दिव्याला अडखळते आणि बंद पडते. मिस्त्री येईपर्यंत इंजिनाच्या उबेने बर्फ वितळलेला असतो, आणि किल्ली फिरवताच गाडी सुरू! अशा गाडीचे कार्ब्युरेटर कितीदाही उघडले तरी आत काही सापडत नाही. काही गाड्यांच्या एअर क्लीनरला उन्हाळा आणि हिवाळा असे दोन खटके असत, ते यासाठीच. हिवाळ्याचा खटका लावला की सायलेन्सरच्या बाजूची गरम हवा आत येई. मुंबईकराने हा खटका कधी हलवलेलाच नसे.

उन्हाळ्यात आँधी येऊन गेली की एअर फिल्टर धुळीने गच्च होतो. हवा कमी, पेट्रोल जास्त, परिणाम तोच काळा धूर. तापलेली गाडी दुपारी अर्धा तास उन्हात उभी राहिली तर कार्ब्युरेटरच्या वाटीतले पेट्रोल उकळून आत सांडते, किंवा पेट्रोल पंपातच वाफ कोंडते आणि इंजिनाला इंधन मिळेनासे होते. पंपावर ओले फडके टाकून पंधरा मिनिटे सावलीत थांबायचे, हा उपाय ड्रायव्हर मंडळींना तोंडपाठ होता. आणि जुलैत पाऊस पडला की दुखणे विजेकडे सरकते. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल जाते, प्लगच्या जुन्या वायरींतून ठिणगी भलतीकडेच पळते. रात्री दिवे मालवून बॉनेट उघडले तर अंधारात ती निळसर ठिणगी वायरीवर नाचताना दिसते. कोरड्या फडक्याने टोपी आतून-बाहेरून पुसली की निम्मे काम होते.

ऋतूवर दोष टाकता येत नसेल, बारा महिने सकाळ-संध्याकाळ गाडी थरथरत असेल, तर मात्र नीट तपासणी हवी. येथेच सगळा घोळ होतो. ‘गाडी स्लोवर राहत नाही’ हे शब्द कानी पडताच पुष्कळ मिस्त्रींचा हात स्क्रू-ड्रायव्हरकडे जातो आणि स्क्रू-ड्रायव्हर थेट कार्ब्युरेटरकडे. रेसचा स्क्रू थोडा आवळला, मिक्श्चरचा थोडा सैल केला, आवाज भरदार झाला, पैसे हातात पडले. आजार रेड्याला आणि औषध पखालीला! थरथर दबते, पण तिचे कारण जागच्या जागी राहते आणि महिनाभरात गाडी पुन्हा दारात येते. कार्ब्युरेटरचे स्क्रू आपणहून फिरत नाहीत. काल बरी असलेली गाडी आज बिघडली असेल तर दुसरेच काहीतरी बदललेले असते. ते आधी शोधायचे आणि स्क्रूला हात सर्वांत शेवटी लावायचा.

शोध सुरू होतो गाडीच्या मागच्या टोकापासून. इंजिन चालू ठेवून सायलेन्सरच्या तोंडाशी एक कागदाची पट्टी धरावी. ती एकसारखी फडफडली तर ठीक. ठरावीक ताल धरून ठोका चुकत असेल तर एकच सिलिंडर दोषी. चूक आता येथे, मग तेथे, अशी बेताल असेल तर दोष सगळ्यांना सामाईक असलेल्या कशात तरी आहे, म्हणजे हवा, पेट्रोल किंवा पॉइंट. आणि कागद मधूनच नळीकडे ओढला जात असेल तर एखादी एक्झॉस्ट झडप नीट मिटत नसण्याची दाट शक्यता.

दोषी सिलिंडर ओळखायची युक्ती जुनी आणि खात्रीची आहे. इंजिन संथ चालू असताना इन्शुलेटेड पकडीने एकेका प्लगची टोपी क्षणभर काढायची आणि परत लावायची. हात उघडा ठेवून हे करू नये, हजारो व्होल्टचा झटका बसतो. जी टोपी काढल्यावर इंजिन आणखी मंदावते ते सिलिंडर कामात आहे. जी काढूनही काही फरक पडत नाही, तेथे चोर सापडला. मग तो प्लग काढून त्याचा चेहरा वाचायचा. बिस्किटासारखा तपकिरी असेल तर उत्तम. काजळी धरलेला कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जादा, ओला तेलकट काळा म्हणजे वंगण वर चढते आहे, पांढरा फटक म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त. तोच प्लग शेजारच्या सिलिंडरमध्ये लावून पाहावा. दोष त्याच्याबरोबर शेजारी गेला तर नवा प्लग घेऊन प्रश्न मिटला. गेला नाही तर आत, झडपांकडे पाहायचे.

झडपांबाबत एक गैरसमज फार आहे. टॅपेट टकटक वाजू लागले की मालक अस्वस्थ होतो आणि ते घट्ट करून घेतो. वास्तविक सैल टॅपेट नुसता आवाज करते. जास्त घट्ट केलेले टॅपेट आवाज करीत नाही, पण झडप पूर्ण मिटू देत नाही. जळते वायू त्या फटीतून निसटत राहतात आणि झडपेची कड जाळून टाकतात. मग हेड उतरवण्याखेरीज गत्यंतर नसते. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत दिलेले अंतर फीलर गेजने मोजूनच ठेवावे, कानाने नव्हे. पॉइंटचेही तसेच. बहुतेक गाड्यांत ते अंतर ०.४ मिलिमीटरच्या आसपास असते. पॉइंट झिजले की अंतर बदलते, अंतराबरोबर टायमिंग ढळते, आणि बदनाम मात्र कार्ब्युरेटर होतो.

विजेचे आणि झडपांचे काम ठीक निघाले, तर ‘गाडी हवा घेते का’ ते पाहायचे. कार्ब्युरेटरच्या बुडाशी एक पॅकिंग असते. ते चिरले, किंवा व्हॅक्यूमची एखादी रबरी नळी तडकली, की न मोजलेली हवा आत शिरते. भरधाव इंजिनाला ती जाणवत नाही, संथ इंजिनाचा मात्र जीव तेवढ्याने कासावीस होतो. येथे एक सोपी परीक्षा आहे. इंजिन गरम असताना चोक हळूहळू ओढावा. थरथर कमी झाली तर मिश्रण पातळ होते, म्हणजे कोठून तरी हवा येते आहे किंवा पेट्रोलची बारीक वाट तुंबली आहे. थरथर वाढली तर मिश्रण आधीच दाट आहे. हवेची गळती शोधायला ब्रशने साबणाचे पाणी सांध्यांवर लावावे. जेथे फेस आत ओढला जाऊन इंजिनाचा सूर बदलतो, तेथे गळती. काही जण यासाठी पेट्रोल शिंपडतात. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल शिंपडणे म्हणजे आगीला आवतण, ते कोणीही करू नये.

आता कोठे कार्ब्युरेटरची पाळी. संथ चालीत मुख्य जेट जवळजवळ झोपलेले असते. सारी भिस्त असते एका छोट्या आयडल जेटवर. त्याचे भोक सुमारे अर्ध्या मिलिमीटरचे. टाकीतल्या गंजाचा एक कण तेथे अडकायला पुरतो. जेट काढावे, उजेडाकडे धरून पाहावे, हवेच्या झोताने साफ करावे. तार किंवा टाचणी घालू नये, भोक एकदा मोठे झाले की ते जेट गेले कामातून. फ्लोटची पिन गळत असेल तर पेट्रोलचा वास येतो आणि गरम गाडी सुरू व्हायला कुरकुरते, तेही याच वेळी पाहून घ्यावे.

हे सारे झाल्यावर स्क्रू. इंजिन पूर्ण तापलेले, चोक आत, एअर फिल्टर जागेवर. रेसच्या स्क्रूने गती बेताची ठेवायची. मग मिक्श्चरचा स्क्रू पाव-पाव फेऱ्याने फिरवत जेथे इंजिन सर्वांत गोड आणि वेगात चालते ती जागा शोधायची. वाढलेली गती रेसच्या स्क्रूने उतरवायची. दोनदा-तीनदा असे केले की संपले. पाच मिनिटांचे काम. त्याआधीच्या दोन तासांच्या तपासणीवर मात्र ते उभे असते.

मिश्रण दाट ठेवून थरथर दाबणे एवढे वाईट का, असे कोणी विचारील. पेट्रोल जास्त जाते हे एक. पगारदार माणसाला तेवढे कारणही पुरे आहे. पण त्याहून गंभीर गोष्ट नळीतून बाहेर पडते. अपुऱ्या हवेत जळालेल्या पेट्रोलचा कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट बिलगतो. जानेवारीच्या गारठ्यात गॅरेजचे दार लोटून घेऊन गाडी ‘जरा गरम’ करीत ठेवणे जिवावर बेतू शकते. डोके जड झाले, मळमळ वाटू लागली, तर आधी बाहेर मोकळ्या हवेत यावे, गाडीचे नंतर पाहावे. पीयूसीच्या तपासणीतही जुन्या पेट्रोल गाडीचा हाच वायू मोजतात, आणि तो संथ चालीतच मोजतात. तीन टक्क्यांची मर्यादा ओलांडली की प्रमाणपत्र नाही. स्क्रू सैल करून मिळवलेला भरदार आवाज त्या यंत्राला फसवू शकत नाही. एप्रिल १९९५ पासून दिल्लीसह चार महानगरांत विकल्या गेलेल्या नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. तेथे तर चुकणाऱ्या सिलिंडरमधले न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तो महागडा भाग जाळून टाकते.

दिल्लीच्या हवेने अखेर या गाड्यांचा निकाल लावला. एप्रिल १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजधानी क्षेत्रात नव्या खासगी गाड्यांसाठी युरो-१ आणि एप्रिल २००० पासून युरो-२ ही प्रदूषणाची मानके सक्तीची केली, तेव्हा कार्ब्युरेटर नव्या गाड्यांतून हद्दपार झाला. मग २०१४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पंधरा वर्षांवरील गाड्यांना दिल्लीच्या रस्त्यांवर मनाई केली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंधरा वर्षांवरील पेट्रोल आणि दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांबाबत तीच भूमिका कायम ठेवली. तोवर शहरातल्या जवळजवळ सगळ्या कार्ब्युरेटरच्या गाड्या ती रेघ ओलांडून गेलेल्या होत्या. काही मायापुरीच्या भंगारात गेल्या. काही, मालक निवृत्त होऊन क्वार्टर सोडताना, ना हरकत प्रमाणपत्र घेऊन दुसऱ्या राज्यांत गेल्या. मुंबईतही पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मुदत संपून थांबली.

ज्यांनी गावी नेऊन फियाट जपली आहे त्यांच्यापुढे आता नवेच कोडे आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आले आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असतो, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण आपोआप पातळ होते आणि संथ चाल बिघडते. शिवाय जुन्या रबराच्या नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा त्याने लवकर खराब होतो, आणि गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर ते हवेतली ओल ओढून घेते. तेव्हा आजच्या थरथरीत नळ्या आणि पडदा आधी बदलावा, टाकी फार दिवस तशीच भरून ठेवू नये आणि मिक्श्चर नव्याने जमवावे. दिल्लीत काश्मिरी गेटच्या बाजारात जुन्या गाड्यांचे सुटे भाग शोधणारे गिऱ्हाईक अजून दिसते.

लक्ष्मीबाई नगरच्या आजूबाजूचा चेहराही बदलतो आहे. जुलै २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सात सरकारी वसाहती नव्याने बांधायला मंजुरी दिली. त्यांत सरोजिनी, नेताजी आणि नौरोजी ही शेजारची नगरे होती. बैठ्या घरांच्या जागी मनोरे आले आणि त्यांच्या तळघरांत उभ्या राहणाऱ्या गाड्या सुरू झालेल्या कळतही नाहीत.

जुना आवाज ऐकायचाच असेल तर त्यालाही सोय आहे. पन्नास वर्षांवरील गाडीला जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक घेता येतो. रोजच्या वापरासाठी नाही, पण प्रदर्शनाला आणि रॅलीला ती रस्त्यावर आणता येते. दिल्लीत १९६४ मध्ये सुरू झालेली ‘स्टेट्समन’ची रॅली प्रसिद्ध आहे. निशाण पडण्याआधी तेथे गाड्या चालू इंजिनाने रांगेत उभ्या असतात. त्या वेळी गर्दीत शिरून रंग आणि पितळ पाहण्याऐवजी रांगेच्या मागच्या बाजूने एक फेरी मारावी आणि सायलेन्सरांकडे कान द्यावा. कोणाच्या मिस्त्रीने आधी प्लग पाहिले आणि कोणाच्या मिस्त्रीने नुसता स्क्रू फिरवला, ते दहा पावलांत कळते.